पालथा चैत्र

चैत्र लागला की आमच्या गल्लीत एकाही गच्चीवर पाय ठेवायला जागा उरत नाही. उजाडायच्या सुमारास ज्वारीचा घाटा शिजतो, त्यात तीळ, लसूण, मिरची पडते आणि उन्हं वर यायच्या आत बायका ओल्या फडक्यावर बिबडे थापून मोकळ्या होतात. धुळ्याचं ऊन कामाला पक्कं आहे. जेवणं उरकेपर्यंत बिबडा उलटवायच्या लायकीचा होतो. कडेनं कडक आणि मध्ये अजून मऊ असा तो ओलसर बिबडा खायला मुलांपेक्षा मोठी माणसंच टपलेली असतात. मीही असते. पण वर्षातला पहिला घास तोंडात गेला की माझी मान आपोआप खाली जाते, हनुवटी छातीला टेकेपर्यंत. काही वर्षांपूर्वीच्या एका चैत्रात हा बिबडा मी पालथी पडून खाल्ला होता. अक्कांनी तुकडा माझ्या तोंडाखाली धरला होता आणि मी तो मान न उचलता, गोठ्यातल्या जनावरासारखा, ओठांनी ओढून घेतला होता. बिबड्याची चव आणि ती लाज अजून एकत्रच येतात.

अक्का म्हणजे माझ्या सासूबाई. सगळं गाव त्यांना अक्का म्हणतं, म्हणून मीही अक्काच म्हणते.

मी रडूबाई नाही. घरी शिवणाचा क्लास चालवते, मुलींना झगा-परकरापासून कटोरी ब्लाउजपर्यंत सगळं शिकवते, आणि चुकलेली शिवण उसवायला लावताना मला कुणाची दया येत नाही. त्या वर्षी, नव्वदनंतर दोन-चार वर्षांनी, माघापासूनच लग्नाची शिलाई अंगावर होती. उजव्या डोळ्याच्या कडेला वीज चमकल्यासारखं व्हायला लागलं तेव्हा मी बल्ब काढून पुसला. मग काळे ठिपके तरंगायला लागले. मी त्यांना डास समजून हवेत टाळ्या वाजवायची. क्लासमधल्या मुली एकमेकींकडे बघून हसायच्या. "बाई, कुठंय डास?" त्यानंतर खालच्या बाजूनं करडी सावली चढायला लागली. मला वाटलं पदर वर आलाय, म्हणून मी तो सारखा खाली ओढत राहिले. हातातली कामं संपेपर्यंत डॉक्टरकडे जायचं नाही असं मी ठरवून टाकलं होतं. एक दिवस टेपवरचा मधला आकडाच दिसेना. कडेचे दिसत होते, मधला नाही. तेव्हा मात्र गेले.

धुळ्याच्या डॉक्टरांनी दिवा मारून पाहिलं आणि म्हणाले, "आजच नाशिकला निघा." डोळ्याच्या आतला पडदा सुटला होता. आमच्याकडे लोक 'पडदा सरकला' म्हणतात. नाशिकचे डॉक्टर कमी बोलणारे होते. "बाई, मधला भाग सुटून बरेच दिवस झालेत. पडदा मी जागेवर चिकटवून देईन. चिकटल्यावर तो किती काम करील, ते मात्र आज सांगता येणार नाही." यातली शेवटची दोन वाक्यं आम्ही सगळ्यांनी एकाच वेळी ऐकली. पहिलं सगळ्यांच्या लक्षात राहिलं. दुसरं माझ्याही राहिलं नाही.

ऑपरेशन झालं. डोळ्यात गॅस भरला होता. डॉक्टरांनी सलाइनची अर्धी बाटली उलटीसुलटी करून दाखवली. "बुडबुडा नेहमी वर जातो. तुम्ही मान खाली घातलीत की तो मागच्या पडद्याला टेकून त्याला दाबून धरील. म्हणून जेवताना, झोपताना, चालताना तोंड जमिनीकडे. मान वर केलीत की माझी मेहनत वाया." मी विचारलं, "किती दिवस?" ते म्हणाले, "मी सांगेपर्यंत."

तिथून सुरू झालं. नाशिकरोडहून चाळीसगाव आणि चाळीसगावहून धुळ्याची गाडी, हा सगळा प्रवास मी यांच्या मांडीवर तोंड टाकून केला. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण चार माणसांत आम्ही एका बाकावर जवळ बसत नव्हतो. समोरच्या बाकावरच्या बाईला राहवेना. तिनं अक्कांना हळूच विचारलं, "सुनेच्या अंगात येतं का हो?"

"अंगमा नही," अक्का म्हणाल्या, "डोयामा शे."

डब्यातली माणसं हसली. हेही हसले. त्यांच्या हसण्यानं माझं डोकं मांडीवर हललं. मला हसू आलं नाही. मी तोंड लपवायला जागा शोधत होते आणि ते आधीच लपलेलं होतं.

घरी पुढच्या खोलीत पंख्याखाली माझी खाट टाकली. आतल्या खोलीत पंखा नव्हता आणि चैत्रातल्या धुळ्यात पंख्याशिवाय पालथं पडणं म्हणजे तव्यावर पडणं. अक्कांनी जुन्या लुगड्याची एक मोठी चुंबळ वळली. डोक्यावर हंडा ठेवायला करतात तशीच, पण माझा चेहरा मावेल एवढी. तिच्यात कपाळ आणि गाल टेकवायचे आणि मधल्या भोकातून श्वास घ्यायचा. खाटेच्या डोक्याकडचा पट्टा त्यांनी थोडा सैल करून घेतला, त्यामुळे मला खालची शहाबादी फरशी दिसायची. डावा डोळा चांगला होता. त्या चैत्रात मी जे जग पाहिलं ते फरशीचं होतं: तिचे सांधे, त्यांतून जाणाऱ्या मुंग्या, आणि पाय.

आजाऱ्याला बघायला जायचं नाही असं आमच्याकडे कुणाला जमत नाही. नारळ, बिस्किटांचा पुडा, अंगणातली लिंबं, जे असेल ते घेऊन माणसं यायची. मला त्यांचे पाय दिसायचे. भेगा, जोडवी, अंगठ्याला बांधलेली चिंधी, रंग उडालेली नखं. पायांवरून मी माणसं ओळखायला शिकले. पण माणसं बघायला आलेली असायची ती तोंड. पाठ बघून त्यांचं समाधान होत नसे. मग बायका फरशीवर बसायच्या, कोपर टेकायच्या आणि खाटेखाली डोकं घालून वर बघायच्या. कुंकू लावलेला एकेक चेहरा खालून उगवायचा.

"दिसतं का गं?"

"अजून पट्टी आहे."

"पट्टीतून थोडं दिसतं का?"

आपलं शरीर पाठमोरं लोकांसमोर पसरून ठेवणं काय असतं, हे ज्यानं केलं नाही त्याला कळायचं नाही. साडी कितीही चापूनचोपून नेसली तरी पालथ्या बाईचं सगळंच दिसतं. अक्का माझ्यावर सुती चादर टाकायच्या, मी घामानं भिजायची, पण चादर काढू द्यायची नाही. न्हाणीपर्यंत मला कुणीतरी हाताला धरून न्यायचं. भाकरी ताटलीत कुस्करून, ताटली खाली ठेवून मिळायची. दुसऱ्याच्या चुका खडूनं दाखवणारी मी, माझं नाक गळायला लागलं तरी हाक मारायची.

त्यात नाना यायचे.

नाना माझे थोरले दीर. शेती बघायला गावाकडे असायचे आणि बाजारच्या दिवशी धुळ्याला. आमच्या घरात थोरल्या दिरासमोर सून बसत नाही. ते आले की डोक्यावर पदर घेऊन आत जायचं, त्यांच्याशी बोलायचं असलं तर दाराआडून, तेही भिंतीला सांगितल्यासारखं. मला या रीतीचा त्रास वाटला नव्हता. उलट कामातून उठून आत जायला निमित्त मिळायचं. आता मी त्यांच्याच वाटेत पालथी पडलेली. उंबऱ्यात त्यांचे जोडे वाजले की मी घाबरून उठायची, पदर ओढायची आणि वाकून भिंत धरायची. पहिल्या वेळी मान पूर्ण वर आली. अक्का स्वयंपाकघरातून ओरडल्या, "पडी ऱ्हाय! पडी ऱ्हाय म्हनस ना!" पण अंगात भिनलेलं अंग विसरत नाही. दुसऱ्या वेळीही मी उठले, तिसऱ्याही.

नाना उंबऱ्यातच माझ्याकडे पाठ करून उभे राहिले. रस्त्याकडे बघत अक्कांना म्हणाले, "माय, तिले सांग, उठू नको म्हना. मी आठूनच बोलस." पुढे ते आले की खुर्ची दाराकडे तोंड करून ठेवायचे आणि सगळं बोलणं रस्त्याशी करायचे. येणारेजाणारे थबकून विचारायचे, "नाना, कोणाशी बोलता?" नाना म्हणायचे, "घरमा." मी पालथी आणि ते पाठमोरे. असं आमचं घर काही दिवस चाललं.

शेजारच्या शमीमभाभींचे यजमान तसबिरींना आणि आरशांना चौकटी बसवायचे. भाभी एक दिवस लुगड्यात गुंडाळलेला आरसा घेऊन आल्या आणि माझ्या तोंडाखाली फरशीवर ठेवला. "ताई, मुंडी मत उठाव. यात बघा. सगळे दिसतील." दिसले. पंखा, छत, भिंतीवरचं कॅलेंडर, वाकलेल्या अक्का. इतके दिवस पायांवर काढल्यावर माणसांना चेहरे असतात हे बघून बरं वाटलं. मग आरशाच्या कोपऱ्यात नाना दिसले. खुर्ची दाराकडे असली तरी त्यांनी त्याच वेळी मान वळवून फरशीकडे पाहिलं होतं. तेवढ्यात आमची नजरानजर झाली. लग्न होऊन इतकी वर्षं झाली होती, पण त्यांचा चेहरा मी समोरून कधी पाहिलाच नव्हता. एक भुवई पांढरी, एक काळी. चेहरा चिंतेनं ओढलेला. माझ्या डोळ्याची चिंता. मी डोळे मिटले. त्यांनीही मिटले असावेत, कारण उघडले तेव्हा ते पुन्हा रस्त्याकडे बघत होते आणि अक्कांना कापसाच्या भावाबद्दल काहीतरी सांगत होते.

नाना आले की मी उठायची, त्या उठण्यानं माझ्या डोळ्याचं काही बिघडलं का, हे मी डॉक्टरांना तपासणीच्या वेळी विचारलं. ते म्हणाले, "पडदा जागेवर आहे." मी पुन्हा विचारलं नाही.

पट्टी निघाल्यावर आधी सगळं दुधाळ. मग वरून उजेड यायला लागला आणि त्याच्या खाली पाण्याची रेघ हलताना दिसायची, हौदात वाकून पाहिल्यासारखी. बुडबुडा विरत होता. रेघ रोज खाली सरकायची. शेवटी काचेच्या गोटीएवढा एक गोळा उरला, मान हलवली की इकडून तिकडे घरंगळायचा. एक दिवस सकाळी तो नव्हता. त्या दिवशी मी ताठ मानेनं अंगणात उभी राहिले. चैत्र संपत आला होता. आमच्या निंबाला हिरव्या निंबोळ्या धरल्या होत्या, आणि लोक जाता जाता थांबून मला बघत होते.

नाशिकला तक्त्यासमोर बसवलं. आधी मला त्या डोळ्यानं फक्त हात हलवलेला कळत होता. आता वरच्या चार ओळी वाचल्या. डॉक्टर पहिल्यांदा हसले. यांनी तिथल्या तिथे पेढे वाटले. धुळ्यात बातमी आमच्याआधी पोचली होती. "शालिनीची नजर परत आली." आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, घर पाहुण्यांनी भरलं. झाडांना झोके बांधलेले, आमरसाची पातेली, पुरणाच्या मांड्यांचा वास. जो येईल तो हाताची बोटं माझ्यासमोर नाचवून विचारायचा, "किती?" मी सांगायची. ते टाळी वाजवायचे. आमच्या मावससासूबाईंनी सहावं बोट कुठून तरी आणलं. बघितलं तर दुसऱ्या हाताचा अंगठा मागून घातलेला. तोही मी ओळखला. केवढं कौतुक झालं.

बोटं मोजता येत होती, हे खरंच होतं. पण ती बोटं मधून वाकलेली होती.

हे मला पहिल्यांदा एका पट्ट्यापट्ट्यांच्या कापडावर कळलं. मुलींना सरळ धाग्यावर कापायला शिकवायला मी तेच कापड घेते. डावा डोळा सहज चोळला आणि उजव्यानं पाहिलं, तर सगळे पट्टे मध्यावर येऊन एका खड्ड्यात उतरत होते, पलीकडून पुन्हा वर चढत होते. मी कापडाला इस्त्री केली. पुन्हा पाहिलं. खड्डा तिथंच. मग दाराची चौकट पाहिली, विजेचा खांब पाहिला. सगळ्यांना कंबरेत बाक. उजव्या डोळ्याला माणसं लहान दिसत आणि रंग पुष्कळ वेळा धुतल्यासारखे. दोन्ही डोळे उघडे ठेवले की एका माणसाच्या मागून त्याचाच धाकटा भाऊ डोकावल्यासारखा दुसरा आकार डोकावायचा. आणि अंतर नावाची गोष्टच गेली होती. चहा बशीत ओतायला जावं तर तो बशीच्या अलीकडे. सुईचं भोक जिथं दिसे तिथं नसे. पायरी यायच्या आधी मी पाय टाकायची किंवा पायरी गेल्यावर.

नाशिकच्या डॉक्टरांनी पुढच्या तपासणीत चौकटींचा कागद दाखवून विचारलं, "रेघा सरळ आहेत?" हे शेजारी उभे होते. अक्का दारात. दोघांनी चैत्रभर माझं नाक पुसलं होतं. मी म्हणाले, "जवळजवळ." डॉक्टरांनी माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं, एवढंच.

कसं सांगायचं? लाज म्हणजे काहीतरी चोरी पकडली गेल्यावर येते असं मला वाटायचं. ती अशीही येते, हे मला त्या वर्षी कळलं. घरच्यांनी पाण्याचा तांब्यादेखील माझ्या ओठांशी धरला, नानांनी मशागतीच्या दिवसांत शेत टाकून फेऱ्या मारल्या, भाभींनी दुकानातला विकायचा आरसा आणून दिला, डॉक्टरांनी सुटलेला पडदा चिकटवला. एवढ्यांनी मिळून एक वस्तू माझ्या हातात ठेवली आणि सगळे आनंदानं बघत उभे राहिले. ती वस्तू तडकलेली आहे, हे त्यांच्या तोंडावर सांगायचं? आंधळी होता होता वाचलेल्या बाईनं पट्टे वाकडे दिसतात म्हणून तक्रार करायची? शिवाय चूक माझीच. डास मारत बसले नसते तर मधला भाग वाचलाही असता. मी म्हणायची, "दिसतं." कुणीही विचारलं की, "छान दिसतं."

मग दिसतं हे दाखवणं आलं. चहा गाळताना मी दाराकडे पाठ करायची. कापताना उजवा डोळा मिटायची आणि कुणी आलं की उघडायची. उघडला की कात्री भरकटायची. क्लासमधल्या एका मुलीच्या बहिणीच्या लग्नाचा ब्लाउज असा भरकटला. पुढचा गळा एका बाजूला ओघळला. तिच्या आईनं तो उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाली, "बाई, ही आता नवी फॅशन आहे का?" मी 'हो' म्हणाले. ती तो घेऊन गेली, आणि त्यानंतर त्या घरून शिलाई आली नाही. आपल्या हातून निघालेल्या वाकड्या गळ्याला मी फॅशन म्हणाले, हे आठवलं की आजही कानशिलं तापतात.

आता सगळं सांगून टाकल्यावर माझे उपाय ठरलेले आहेत. चहा ओतताना किटलीचं तोंड कपाच्या काठाला टेकवते. पायरीला आधी अंगठा लावून बघते. सुई मुली ओवतात. रस्ता ओलांडताना नुसता डोळा फिरवत नाही, सगळी मान फिरवते, त्यामुळे गल्लीतली टवाळ पोरं मला घुबड म्हणतात, म्हणू देत. चष्म्याच्या उजव्या काचेला कापताना कागद चिकटवते, सर्वांसमोर. डॉक्टरांच्या दृष्टीनं माझा डोळा बरा आहे आणि ते खोटं नाही. पडदा जागेवर आहे. पण माणसाला तक्त्यावरच्या ओळी वाचत जगायचं नसतं. चहा गाळायचा असतो, जिना उतरायचा असतो, समोरच्याच्या चेहऱ्याकडे बघून बोलायचं असतं. त्यातलं काय परत आलं आणि काय नाही, हे विचारायला तक्ता नाही. आणि विचारलं तरी बायका 'छान' म्हणतात, हे मला पक्कं माहीत आहे.

सगळं सांगायची वेळ आली ती नवसामुळे.

मी नाशिकला टेबलावर होते तेव्हा अक्कांनी पांझरेकाठच्या देवीला बोलून ठेवलं होतं: सुनेची नजर पहिल्यासारखी आली की चांदीचे डोळे वाहीन. डोळ्याच्या दुखण्याला आमच्याकडे हीच रीत. मला ते माहीत नव्हतं. आखाजीच्या पाहुण्यांत नानांनी अक्कांच्या हातात लाल कागदाची पुडी दिली. ते मुद्दाम जळगावला जाऊन सोनाराकडून करवून घेऊन आले होते. चांदीच्या पत्र्याचे दोन डोळे, पापण्यांच्या रेघा कोरलेल्या, मध्ये गोल बुबुळं. नाना दाराकडे तोंड करून म्हणाले, "तिले दाखाड." अक्कांनी ते माझ्या तळहातावर ठेवले. मला त्यातला एक डोळा लहान दिसला. मी म्हणाले, "सुरेख आहेत."

मी देवदेव करणारी नाही. ज्येष्ठातल्या एका मंगळवारी नवस फेडायचं ठरलं तेव्हा मी मनाशी म्हटलं, पत्र्याचे दोन तुकडे आहेत, अक्कांचं समाधान होतंय, वाहू दे. रांगेत उभी राहिले तेव्हाही हेच म्हणत होते. मळवट भरलेल्या बायका, नारळाच्या शेंड्या, पायाखाली ओली हळद. गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी आलो तशी अक्कांनी पदराची गाठ सोडली, डोळे माझ्या ओंजळीत ठेवले आणि माझ्या कानाशी म्हणाल्या, "आते देवीले तुन्या तोंडानं सांग. बठ्ठं पहिल्यासारखं दिखस म्हनीसन. मंग ठेव."

हे मला कुणी सांगितलं नव्हतं. नवस फेडणाऱ्यानं स्वतः बोलायचं असतं.

पुजाऱ्यानं ताम्हन पुढं केलं. मागून बायका ढकलत होत्या. "चला वो बाई, पुढं व्हा." मी मूर्तीकडे पाहिलं. शेंदरावरचे तिचे मोठे पांढरे डोळे. डावीकडचा जागेवर होता, उजवीकडचा खड्ड्यात घसरत होता. सगळ्या गावाला मी 'छान' म्हणाले होते. इथं जीभ उचलेना. देवीची भीती नव्हती. शेजारी अक्का हात जोडून, डोळे मिटून, माझ्या तोंडून वाक्य यायची वाट बघत उभ्या होत्या. त्यांचे ओठ माझ्या आधीच ते वाक्य म्हणत होते.

"अक्का," मी म्हणाले, "नाही दिसत."

त्यांनी डोळे उघडले.

"नीट नाही दिसत. पहिल्या दिवसापासून."

पुजारी म्हणाला, "ठेवता का?" अक्कांनी माझी ओंजळ आपल्या दोन्ही हातांनी बंद केली, डोळे काढून घेतले आणि मला दंडाला धरून रांगेच्या बाहेर ओढलं. बायका बघत राहिल्या. पायऱ्या उतरताना मी एक चुकले, त्यांनी दंड सोडला नाही. खाली नदीकडच्या सावलीत एका पायरीवर मला बसवलं. स्वतः खालच्या पायरीवर, माझ्या समोर बसल्या. मी त्यांच्या पायांकडे बघत होते.

"इतला दिन काब्र बोलनी नही?"

"लाज वाटली."

"कसानी?"

"तुम्ही एवढं केलंत म्हणून."

"मी काय तुले खाई टाकस का?" त्या एवढ्या मोठ्यानं म्हणाल्या की फुलवाली वळून बघायला लागली. "देवीले खोटं बोलतू आज आपू दोन्ही. माले काय म्हाईत? तू 'छान, छान' करस, मी गावभर सांगत फिरस." त्यांनी चांदीचे डोळे पुन्हा पदरात बांधले, गाठ दातांनी घट्ट ओढली. मला वाटलं आता उठतील आणि घरापर्यंत बोलणार नाहीत. तेच मला हवं होतं. राग सोसायला सोपा असतो.

त्या उठल्या नाहीत. माझ्या चष्म्याची डावी काच त्यांनी हाताच्या पंजानं झाकली.

"आते सांग. काय दिखस?"

ऑपरेशनला दोन महिने होऊन गेले होते. किती बोटं, किती ओळी, दिसतं का, असं सगळ्यांनी विचारून झालं होतं. काय दिसतं, हे कुणी विचारलं नव्हतं.

"तुम्ही दिसता," मी म्हणाले. "लहान दिसता. कुंकू फिकं दिसतं. कपाळाची रेघ मध्येच खाली जाते. आणि..."

"आनी काय?"

"तुमचं नाक वाकडं दिसतं."

अक्कांनी आपल्या नाकाला बोट लावून पाहिलं.

"ते पहिलेपाईनच वाकडं शे," त्या म्हणाल्या.

मला हसू फुटलं. त्या हसल्या नाहीत. पंजा काचेवर तसाच ठेवून एक पायरी वर आल्या, चेहरा माझ्या अगदी समोर आणला आणि कानावरचा पदर मागे सारला.

"आते कान सांग."